शेत आपलं, मांडव आपला, मग पोलीस कसे आले?

सातारा जिल्ह्यातल्या एका वाचकाचं पत्र आलं आहे. थोडं आखडून देतो:

«वकीलसाहेब, चैत्रात गावची जत्रा असते. दुसऱ्या दिवशी भावकीचं बोकडाचं जेवण आमच्या शेतात. यंदा दोनशेच्या वर पानं उठली. घरटी पाचशे रुपये वर्गणी होती, त्यातच पोरांनी ‘बसायची’ सोय केली. अंधार पडल्यावर दोन पुतणे तसेच तमाशाच्या कनातीकडे निघाले आणि रस्त्यावर पोलिसांनी धरले. मग पोलीस मांडवात आले. माझ्या गाडीच्या डिकीतल्या सात बाटल्या पंचनामा करून नेल्या, त्यातल्या चार माझ्या माजी सैनिक चुलत्यांच्या कँटीनच्या. पुतण्यांवर दारूबंदी कायद्याचं कलम ८५ (नशेत सापडणं), मला त्याच कायद्याच्या ६६ (१)(ब) ची (विनापरवाना दारू बाळगणं) नोटीस. धाकटा पुतण्या २३ वर्षांचा आहे, पोलीस भरतीची तयारी करतोय. लोक म्हणतात, लोकअदालतीत दंड भरा आणि मोकळे व्हा. भाऊ म्हणतो, शेत आपलं, मांडव आपला, केस टिकणारच नाही. पुढच्या वर्षी जेवण पुन्हा आमच्याकडेच आहे. काय करू?»

आधी धाकट्या पुतण्याचं बोलू. बाकीचं थोडं थांबू शकतं, भरतीचा फॉर्म थांबत नाही.

‘दंड भरून मोकळे’ हा सल्ला तालुका कोर्टाच्या व्हरांड्यात फुकट मिळतो आणि तेवढ्याच किमतीचा असतो. तारखेला नाव पुकारतात, साहेब विचारतात ‘गुन्हा कबूल आहे का’, पोरगा मान हलवतो, दंडाची पावती घेऊन दुपारच्या एसटीनं घरी. त्याच्या हिशेबी विषय संपला. कागदावर मात्र तो दोषी ठरलेला असतो. दंड कितीही किरकोळ असला तरी ती शिक्षाच आहे, आणि चारित्र्य पडताळणीत ती दिसते. चाळिशीतल्या शेतकऱ्याला त्यानं फार फरक पडत नाही, भरतीच्या पोराला पडतो. म्हणून कबुली देण्याआधी दोषारोपपत्राची प्रत घ्या आणि वकिलाकडून वाचून घ्या.

त्यात काय असेल ते मी न बघताही बऱ्यापैकी सांगू शकतो. ‘तोंडास दारूचा उग्र वास येत होता, झोकांड्या खात होता, असंबद्ध बडबड करीत होता.’ हे वाक्य मी इतक्या फिर्यादींत वाचलंय की माणसं बदलतात, वाक्य बदलत नाही. प्रश्न त्याच्या पुढचा आहे: रक्त तपासायला घेतलं होतं का? महाराष्ट्र दारूबंदी अधिनियम, १९४९ च्या कलम १२९अ मध्ये वैद्यकीय तपासणी आणि रक्ततपासणीची तरतूद आहे, त्यासाठी १९५९ चे वेगळे नियम आहेत. सर्वोच्च न्यायालयानं १९७१ मध्ये, बच्चूभाई हसनअल्ली कार्यानी विरुद्ध महाराष्ट्र राज्य या निकालात, नुसता वास, डळमळीत चाल, अडखळतं बोलणं आणि विस्फारलेल्या बाहुल्या एवढ्यावर दारू प्यायल्याचं सिद्ध होत नाही असं सांगितलं. अपघाताचं प्रकरण होतं ते, पण बचावाला आजही मोठा आधार आहे. तेव्हा तुमच्या पुतण्याच्या कागदांत फक्त ‘वास येतो’ असा डॉक्टरी दाखला असेल आणि रक्ताचा अहवाल नसेल, तर कबुली देण्याचं काही कारण मला दिसत नाही. अहवाल असेल आणि तो विरोधात असेल, तर परिवीक्षा अधिनियम, १९५८ खाली ताकीद देऊन सोडण्याची विनंती करता येते. त्या कायद्याचं कलम १२ असं की त्याखाली सोडलेल्या माणसाला दोषी ठरल्यामुळे येणारी अपात्रता लागत नाही. साहेब ऐकतीलच असं नाही, पण मागितल्याशिवाय तर कुणी देत नाही.

भरतीच्या फॉर्ममध्ये ‘कधी गुन्हा दाखल झाला आहे का’ या रकान्यात खरं तेच लिहायला सांगा, निर्दोष सुटला तरीही. अवतार सिंग प्रकरणात (२०१६) सर्वोच्च न्यायालयानं लपवाछपवीबद्दल सविस्तर सांगितलं आहे. तरुण वयातला क्षुल्लक गुन्हा नोकरी देणाऱ्याला माफ करता येतो. पण खरं सांगितलेल्याची बाजू मांडायला मला जागा असते, लपवलेल्याची फारशी उरत नाही.

आणखी एक अडचण आहे, ती पत्रात तुमच्या लक्षात आलेली दिसत नाही. आपल्या राज्यात बिअरसाठी वय २१ आणि व्हिस्की-रमसारख्या कडक दारूसाठी २५. कलम ८५ मध्ये तीन वेगवेगळ्या गोष्टी आहेत: स्वतःला सावरता न येण्याइतकं प्यालेलं असणं, नशेत गोंधळ घालणं, आणि परवाना नसताना किंवा परवान्याला पात्र नसताना नशेत सापडणं. तेवीस वर्षांच्या पोराला व्हिस्कीचा परवाना मिळूच शकत नाही. म्हणजे तो शांतपणे चालत होता असं सिद्ध केलं तरी तिसरा फास उरतो. दोषारोपपत्रात यातलं नेमकं काय लावलंय ते पाहायचं, कारण बचाव त्यावर ठरतो. कधीकधी याच्या जोडीला भारतीय न्याय संहितेचं ३५५ लावतात. त्यात २४ तासांपर्यंत साधी कैद किंवा १००० रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही, नाहीतर समाजसेवा. जुन्या भारतीय दंड संहितेच्या ५१० कलमात हा दंड दहा रुपये होता!

आता भावाचं म्हणणं. शेत आपलं हे खरं, सातबारा दाखवता येईल. पण कलम ८५ मालकी विचारत नाही. रस्ता, सार्वजनिक जागा, किंवा जिथे लोकांना जाता येतं वा जाऊ दिलं जातं अशी कोणतीही जागा, असे त्याचे शब्द आहेत. आता तुमचा मांडव आठवा. जत्रेच्या रस्त्याला लागून, तिन्ही बाजू उघड्या, आणि आल्यागेल्याला ‘या पाव्हणं, बसा, जेवल्याशिवाय जायचं न्हाई’. हा आपला मोठेपणा आहे, आणि सरकारी वकील नेमका तोच उलटा फिरवतील: ज्याला त्याला बोलावत होता ना, मग जागा लोकांना खुली होती. शेताला कुंपण असतं, पाहुणे ठरावीक असते, तर भावाचा मुद्दा मीच हिरिरीनं मांडला असता. आत्ताही मांडीन, पण पुतणे रस्त्यावर सापडलेत, त्यांना या मुद्द्याचा उपयोग नाही.

शिवाय भावाला एक गोष्ट ठाऊक नसावी, बहुतेकांना नसते. महाराष्ट्रात स्वतःच्या ओसरीवर, दार लावून प्यायलाही परवाना लागतो. विनापरवाना बाळगणं आणि पिणं दोन्ही ६६ (१)(ब) मध्ये येतं. जागा सार्वजनिक आहे की खासगी, हा प्रश्नच त्या कलमात नाही. म्हणून तुमची नोटीस तुमच्याच शेतात, तुमच्याच डिकीवरून आली. एक दिवसाचा परवाना विदेशी मद्याला पाच रुपयांना मिळतो, वर्षाचा शंभर, आजन्म हजार. मूळ कायद्यातली भाषा तर ‘आरोग्य राखण्यासाठी’ दारू लागणाऱ्यांचा परवाना अशी आहे. जत्रेतलं आरोग्य आपण सगळेच जाणतो.

तर तुमच्याकडे परवाना आहे का? तीन बाटल्या दुकानातून घेतल्या तेव्हा बिलाबरोबर एक दिवसाच्या परवान्याचं चिटोरं दिलं असेल तर ते घरभर शोधा. गाडीच्या कप्प्यात, पाकिटात, लेंग्याच्या खिशात. त्यावर तारीख आणि प्रमाण असतं. नसेल तर आता मागच्या तारखेचा काढून देतो म्हणणाऱ्याच्या नादी लागू नका. आजच्या पाच रुपयांच्या प्रकरणात उद्या बनावट दस्तऐवजाचं प्रकरण जोडलं जाईल. कँटीनच्या चार बाटल्यांसाठी चुलत्यांचं कार्ड आणि खरेदीची पावती लागेल. तो कोटा त्यांच्या स्वतःसाठी असतो, विकता येत नाही, आणि त्यांच्या कार्डामुळे तुम्हाला परवाना मिळाला असं होत नाही. बाटल्या त्यांच्या होत्या, ते जेवणाला हजर होते, गाडीत फक्त ठेवल्या होत्या, हे त्यांनी स्वतः येऊन जबाबात सांगितलं तर तुमच्यावरचा भार हलका होईल. बिचाऱ्यांना या वयात ठाण्याची पायरी चढावी लागेल, पण इलाज नाही.

नोटीस भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम ३५ (३) खालची, म्हणजे हजर राहण्याची असणार, जुन्या फौजदारी प्रक्रिया संहितेतलं ४१अ. दिलेल्या तारखेला जाच. न गेल्यावर अटकेचं निमित्त आपणच हातात देतो. आणि गाडीचं विचारून घ्या. दारूबंदी कायद्याच्या कलम ९८ खाली दारू नेणारं वाहन जप्तीला पात्र ठरतं. पंचनाम्यात गाडीचा नंबर फक्त ठिकाण म्हणून आलाय की जप्त मुद्देमालात, हे पाहिलं पाहिजे.

वर्गणीचं वाचून मात्र मी जरा सावरून बसलो. कायद्यात ‘सार्वजनिक गुत्ता’ अशी कल्पना आहे: जिथे फायद्यासाठी, कोणत्याही रूपानं पैसे घेऊन, लोकांना पिऊ दिलं जातं ती जागा. ती चालवणाऱ्याला कलम ६८, तिथे पीत बसणाऱ्याला ८४. तुम्ही काही नफा कमावला नाही, घरटी पाचशेत बोकडच जेमतेम आलं असेल. पण वर्गणीच्या वहीत कुणा हौशी पोरानं ‘बसायची सोय, इतके रुपये’ असं लिहून ठेवलं असेल, तर तपासात ते वाचणारा तुमच्या भावकीतला नसेल. वही फाडू नका, पुरावा नष्ट करणं हा वेगळा गुन्हा आहे. पण ती घेऊन आधी वकिलाकडे जा. आणि जबाबात ‘दारूची वर्गणी’ असे शब्द सहज बोलून जाऊ नका.

पुढच्या वर्षीचं. राज्य उत्पादन शुल्क विभागाकडून समारंभासाठी एक दिवसाचा तात्पुरता परवाना मिळतो, हे तुम्हाला कुणी सांगितलं असेल. लग्नाच्या हॉलला, हळदीला तो लोक काढतात आणि काढावाच. त्यात ठिकाण आणि वेळ ठरलेली असते, तिथे येऊन पिणाऱ्याचं वय आणि परवाना त्यातून सुटत नाही. पण जत्रेच्या मांडवाला तो मागा असं मी सांगणार नाही. देवळाच्या वाटेवर, उघड्यावर, आल्यागेल्याच्या पंगतीत तो मिळणं अवघड, आणि मिळाला तरी बंदोबस्ताचे पोलीस दर अर्ध्या तासाला कागद बघायला येतील. जत्रेच्या काळात जिल्हाधिकारी दारूबंदी कायद्याच्या कलम १४२ खाली दारूची दुकानं बंद ठेवण्याचा हुकूम काढू शकतात. तसा हुकूम असेल तर मग माल कुठून येतो तेही विचारलं जातं. गोव्याची पेटी निघाली तर प्रकरण कलम ६५ वर (बेकायदा दारू बाहेरून आणणं) जातं, तिथे तुमचा इथला परवाना कामाचा नाही.

मी तुमच्या जागी असतो तर जेवण मांडवात, बोकडाचंच, आणि बाटली नाही, असं भावकीत आधीच ठरवून टाकलं असतं. ज्यांना प्यायचीच आहे, ज्यांचं वय आणि परवाना आहे, त्यांनी आपल्या घरी, जेवणानंतर, आणि गाडीची किल्ली बायकोकडे देऊन. गाडी चालवताना शंभर मिलिलिटर रक्तात ३० मिलिग्रॅमच्या वर अल्कोहोल निघालं की पहिल्याच खेपेला दहा हजारांचा दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा दोन्ही.

एक गोष्ट पत्रात नाही, तरी विचारतो, कारण प्रत्येक जत्रेत बघतो. ग्लास, बर्फ, शेंगदाणे कोण आणून देत होतं? बहुतेक घरांत नववी-दहावीतली पोरं. ‘जा रे, डिकीतनं एक आण.’ बाल न्याय अधिनियम, २०१५ च्या कलम ७८ प्रमाणे अठरा वर्षांखालच्या मुलाला दारू न्यायला-आणायला, पुरवायला वापरणं, आणि कलम ७७ प्रमाणे त्याला ती देणं, दोन्हीला सात वर्षांपर्यंत सक्तमजुरी आणि एक लाखापर्यंत दंड. ८५ ची केस याच्यापुढे पोरखेळ आहे. पंचनाम्यात एखाद्या पोराचं नाव आलं असेल तर मला लगेच कळवा, बाकी सगळं बाजूला ठेवून आधी ते बघू.

पोलीस कसे आले, असं तुमचा भाऊ अजून विचारत असेल. ११२ ला फोन बहुधा मांडवातूनच गेला असणार, आणि माझा अंदाज विचाराल तर चुलीपाशी भाकऱ्या थापणाऱ्या बायकांतून. कुणी केला ते शोधत बसू नका. तारखेला येताना दोषारोपपत्र, डॉक्टरी दाखला, दुकानाचं बिल, चुलत्यांचं कार्ड आणि ती वर्गणीची वही, एवढं सोबत आणा.