आधी कॅमेरा काय सांगतोय ते ऐक

तुझं पत्र दोनदा वाचलं. आधी कर्नलचा, म्हणजे लिनक्सच्या गाभ्याचा, सगळा अभ्यास संपवणार आणि मगच वेबकॅमच्या ड्रायव्हरला, म्हणजे तो चालवणाऱ्या कोडला, हात लावणार असं लिहिलंयस, तसं नको करू. घरात पडलेला एखादा जुना वेबकॅम आजच लिनक्सला लाव आणि एलएसयूएसबी या कमांडने त्याचे डिस्क्रिप्टर, म्हणजे त्याने स्वतःबद्दल दिलेली माहिती, ओळ न ओळ वाच, कुठले फॉरमॅट, केवढी साईज, किती फ्रेमरेट, सगळं तो स्वतःच सांगतो. यूव्हीसी हे यूएसबी कॅमेऱ्यांचं स्टँडर्ड पाळणारे बहुतेक सगळे वेबकॅम यूव्हीसीव्हिडिओ या एकाच ड्रायव्हरवर चालतात, लॉरें पिंशार यांचं काम, २००८ मध्ये २.६.२६ च्या कर्नलमध्ये आलं. तो कोड डिस्क्रिप्टर शेजारी ठेवून वाचलास की कळायला लागेल.

मग कागद घे आणि हिशेब कर, खरंच कर. ६४० बाय ४८०, वाययूवायव्ही या न दाबलेल्या फॉरमॅटमध्ये पिक्सेलला २ बाइट, एक फ्रेम ६,१४,४०० बाइटची, सेकंदाला ३० फ्रेम म्हणजे १८.४ एमबी. यूएसबी २.० च्या हायस्पीडवर एका आयसोक्रोनस एंडपॉइंटला, म्हणजे ठरलेल्या वेळेला डेटा नेणाऱ्या वाटेला, दर १२५ मायक्रोसेकंदांना जास्तीत जास्त ३,०७२ बाइट मिळतात, सेकंदाला साधारण साडेचोवीस एमबी, म्हणजे बसतं. पण ७२० च्या एचडीला ५५ एमबी लागतात, ते नाहीच बसत, म्हणून तिथे एमजेपेग, म्हणजे दाबून लहान केलेल्या फ्रेम. आणि त्याच यूएसबी बसवर, म्हणजे सगळ्यांच्या सामायिक वाटेवर, दुसरा कॅमेरा चालू केला की पुष्कळदा 'नो स्पेस लेफ्ट ऑन डिव्हाइस' अशी एरर येते, तिचा डिस्कशी काही संबंध नाही, जागा संपलीये ती बसवरची.

माझ्या एका कॅमेऱ्याचं चित्र खाली अर्धं हिरवं यायचं. पंधरा दिवस मी रंगांच्या कन्व्हर्जनचा कोड उलटापालटा करत होतो. वाययूवायव्हीमध्ये सगळे बाइट शून्य असले की हिरवं दिसतं, म्हणजे बफरचा, फ्रेम ठेवायच्या मेमरीचा, तेवढा भाग भरलाच नव्हता, मधल्या हबमुळे पॅकेटं हरवत होती आणि आयसोक्रोनसमध्ये हरवलेलं पॅकेट परत येत नाही. यूएसबीमॉनने यूएसबीवरची ये-जा टिपून वायरशार्क या प्रोग्रॅममध्ये बघितलं असतं तर पहिल्याच संध्याकाळी कळलं असतं. तू तिथूनच सुरुवात कर. प्रत्येक पेलोडच्या, म्हणजे कॅमेऱ्याने पाठवलेल्या डेटाच्या तुकड्याच्या, हेडरमध्ये फ्रेम आयडीचा एक बिट असतो, नवी फ्रेम आली की तो पलटतो, तो पलटताना स्वतःच्या डोळ्यांनी बघ, फ्रेम संपल्याचा वेगळा बिटही असतो पण काही कॅमेरे तो नीट देत नाहीत, त्यामुळे एकट्या त्याच्यावर विसंबू नको.

स्वतःचा कोड लिहायला लागलास की पहिल्या दिवसापासून स्ट्रीमिंग चालू असताना केबल उपटून बघत जा. रोज. अ‍ॅपने व्हिडिओ डिव्हाइस उघडं ठेवलेलं असतं, खालून कॅमेरा गेलेला असतो, आणि तू मेमरी आधीच सोडून दिलीस तर कर्नल कोसळतो, शेवटची फाइल बंद होईपर्यंत ती सांभाळावी लागते. यूआरबी, म्हणजे यूएसबीकडे केलेली डेटाची मागणी, पूर्ण झाली की चालणाऱ्या कम्प्लीशन हँडलरमध्ये झोपायचं, म्हणजे वाट बघत थांबायचं, नाही हेही तिथेच अंगवळणी पडेल. व्ही४एल२ ची, म्हणजे अ‍ॅप ज्यातून व्हिडिओ मागतं त्या लिनक्सच्या इंटरफेसची, बाजू शिकायला कॅमेरा लागत नाही, विविड नावाचा खोटा कॅमेरा कर्नलमध्येच आहे.

या रविवारपर्यंत तुझ्या कॅमेऱ्याचे डिस्क्रिप्टर आणि तो हिशेब मला पाठव, चुकला असला तरी पाठव, तो बघून पुढचं बोलू.