मावसभावाला फिट येते, तेव्हा

बाळा,

तुझं पत्र पोचलं. रंकाळ्यावर मावसभावाला फिट आली, कुणी चप्पल हुंगवली, कुणी कांद्यासाठी पळालं आणि तू नुसता बघत राहिलास, हे मनाला लावून घेऊ नकोस.

तो पडला की आधी घड्याळ बघ. डोक्याखाली तुझी सॅक सरकव, गळ्याजवळचं बटण सोड. झटके येत असताना दाबून धरायचं नाही, तोंडात चमचा, बोट, पाणी काहीही घालायचं नाही. जीभ गिळली जात नाही, कुणी कितीही सांगू दे. दातखीळ उघडायच्या नादात दात मात्र तुटतात. जमेल तसं कुशीवर वळव, लाळ बाहेर येऊ दे. बहुतेक फिट दोन-तीन मिनिटांत आपोआप थांबते. पाच मिनिटं उलटली, शुद्ध येण्याआधी दुसरी आली किंवा पाण्यात आली, तर १०८ ला फोन कर आणि सीपीआर हॉस्पिटल गाठ. कांदेवाल्यांशी वाद नको, त्यांना गर्दी हटवायच्या कामाला लाव.

मग तो भांबावून उठेल, कदाचित कपडे ओले झालेले असतील. तुझी खरी गरज तेव्हा असते. अंगावर तुझा शर्ट टाक, आणि मोबाईल काढणाऱ्याला तिथंच थांबव.

एरवी त्याच्या मागं पहारेकऱ्यासारखं फिरू नकोस, तो वैतागेल. गोळी मात्र चुकता कामा नये. बरं वाटतंय म्हणून स्वतःच बंद केली की फिट परत येते. जागरणानंही येते. गणपतीच्या मिरवणुकीला त्याला ने, पण झोपेच्या वेळी महाद्वार रोडवरून दोघंही घरी या. तूही, नाहीतर तो येणार नाही. पंचगंगेत एकट्यानं उतरणं नको, आणि डॉक्टर हो म्हणेपर्यंत गाडी तू चालव.

मावशी लग्नाच्या बोलण्यात हे लपवू बघतेय, ते मला पटत नाही. फिट येणाऱ्याच्या लग्नाआड येणारी हिंदू विवाह कायद्यातली अट १९९९ साली काढून टाकली आहे. नीट औषध घेतलं तर दहातल्या सात जणांपर्यंत फिट थांबू शकतात. समोरच्यांना आधीच सांगितलेलं बरं. पण आधी त्याला स्वतःला विचारा, आजार त्याचा आहे.

मावशीशी तूच बोल, माझं बोलणं तिला उपदेश वाटेल. रविवारी येशील तेव्हा त्यालाही आण, तांबडा-पांढरा करतोय.

तुझे सर