‘आमच्यानंतर याचं काय?’ आणि सकाळच्या ३१ सूचना

हा प्रश्न माझ्या थेरपीच्या खोलीत आठवड्यातून एकदा तरी येतोच, बौद्धिक अक्षमता असलेल्या मुलांच्या आईवडिलांकडून. कधी बसल्या बसल्या, पण बऱ्याचदा निघताना, पर्स खांद्याला लावून दारात उभं राहून, जसं काही सहज आठवलं म्हणून विचारतायत. "मॅडम, आमच्यानंतर याचं काय?" आणि विचारताना मुलाकडे बघत नाहीत, जमिनीकडे बघतात.

ज्या आईची गोष्ट सांगतेय तिने तो पहिल्याच मिनिटाला विचारला होता. मुलगा १९ वर्षांचा, डाऊन सिंड्रोम (जन्मतःच एक गुणसूत्र जास्त असतं, त्यामुळे शिकणं हळू होतं), स्पेशल स्कूल संपत आलेलं. (दोघांना विचारूनच लिहितेय आणि ओळख पटेल असं सगळं बदललंय.) घरात त्याला अजून बाळ म्हणतात. दाढी आलेलं बाळ. मी त्याला म्हटलं, बस ना, तर त्याने आईकडे पाहिलं. आई म्हणाली बस, मग बसला. नाव विचारलं, परत आईकडे पाहिलं, ती म्हणाली "सांग ना बाळ", मग अगदी खणखणीत सांगितलं. तेव्हाच माझ्या डोक्यात काहीतरी खटकलं, पण आई बोलत होती म्हणून गप्प बसले.

आधी या प्रश्नाबद्दल थोडं बोलते, कारण पालकांना वाटतं आपणच फार काळजी करतो. तसं नाहीये. हा प्रश्न इतक्या मोठ्या संख्येने पडायला लागला तो आत्ता आत्ता. अमेरिकेतले आकडे बघा, १९८३ च्या सुमारास डाऊन सिंड्रोम असलेल्या माणसाचं सरासरी आयुष्य साधारण २५ वर्षं होतं, आज ते ६० च्या आसपास आहे. या मुलांपैकी जवळजवळ निम्म्यांना जन्मतः हृदयाचा काही ना काही दोष असतो, त्यावर पूर्वी फारसं कुणी ऑपरेशन करत नसे, आता करतात, आणि मुलं मोठमोठ्या संस्थांमध्ये टाकून न देता घरी वाढतात. म्हणजे आईवडिलांच्या मागे राहणारी अशी मुलं पूर्वी फारशी नसायचीच, आता असतात. ही चांगली बातमीच आहे खरं तर, फक्त तिच्याबरोबर तयारीही आली.

तर मी त्या ताईंना म्हटलं, आमच्यानंतरचं आपण बोलू, नक्की बोलू, पण आधी मला एक काम करून द्या. उद्या सकाळी तो उठल्यापासून घराबाहेर पडेपर्यंत तुम्ही त्याला किती वेळा काय काय सांगता ते मोजा. कागदावर फक्त रेघा मारा. त्यांना ते जरा विचित्र वाटलं, पण केलं. आकडा आला ३१. दीड तासात. त्यात "उठ" पासून "पाय पूस", "तो नाही तो दुसरा" आणि "चल" पर्यंत सगळं. त्या स्वतःच दचकल्या, म्हणाल्या, "पण त्याला सगळं येतं हो!"

हो ना. येतच होतं. ब्रश येतो, आंघोळ येते, बटणं येतात, बॅगही भरता येते. फक्त एकही गोष्ट आईच्या आवाजाशिवाय सुरू होत नव्हती. आमच्या कामात याला सूचनेवर अवलंबून राहणं म्हणतात, आणि ते मुलाने केलेलं नसतं, आपण प्रेमाने आणि घाईने घडवलेलं असतं, कारण सकाळी वेळ नसतो आणि सांगितलं की पटकन होतं. त्याच्या डोक्यात आंघोळीची पहिली पायरी पाणी नव्हतं, "बाळ, आंघोळ" हे शब्द ही पहिली पायरी होती. मग आई नसेल त्या दिवशी काय होणार ते सांगायला ज्योतिषी नको.

मी लगेच उपाय दिला. आणि इथे माझं चुकलं, ते पण सांगते. डाऊन सिंड्रोममध्ये कानाने ऐकलेलं थोड्या वेळासाठी लक्षात ठेवणं अवघड जातं आणि डोळ्याने पाहिलेलं तुलनेने बरं राहतं, म्हणून मी त्याचेच फोटो काढायला लावून आठ फोटोंचा तक्ता बनवला, उठणं, ब्रश, आंघोळ असा क्रमाने, आणि लावायला दिला. दोन आठवड्यांनी ताई म्हणाल्या काही उपयोग नाही. म्हटलं मोबाईलवर व्हिडिओ काढून आणा. व्हिडिओत काय, तर आई तक्त्याजवळ उभी, बोट फोटोवर, "बघ बाळ, आता काय आहे? ब्रश! शाब्बास. आता पुढे काय? बघ, बघ ना." सूचना ३१ वरून ३८ वर गेल्या होत्या! मी तक्ता दिला होता आईच्या हातात, त्याच्या हातात दिलाच नव्हता. त्याला खोलीत बोलावून समजावलं पण नव्हतं, आईलाच समजावलं होतं सगळं. म्हणजे मी पण तेच करत होते जे आई करत होती.

दुसऱ्या वेळी त्याला बोलावलं, आईला बाहेर बसवलं. प्रत्येक फोटोमागे वेल्क्रो लावला, झालं की फोटो काढून डब्यात टाकायचा. ते टाकणं त्याला भयंकर आवडलं, टप्प असा आवाज यायचा. आणि आईसाठी एकच नियम, सकाळी दुसऱ्या खोलीत राहायचं, आणि बोलावंसं वाटलं की मनात दहापर्यंत मोजायचं. कारण अशा मुलांना ऐकलेलं वाक्य आत पोचायला वेळ लागतो, ते पोचत असतानाच आपण दुसरं वाक्य टाकतो, की पहिलं गेलं, परत पहिल्यापासून सुरू. ताई म्हणाल्या दहा म्हणजे मला एक तास वाटतो. चौथ्या दिवशी तो टॉवेल हातात घेऊन बाथरूमच्या दारात चार मिनिटं नुसता उभा राहिला. चार मिनिटं! त्या भिंतीपलीकडे ओढणी तोंडात धरून बसल्या होत्या, असं त्यांनीच सांगितलं. मग आत गेला. एकदा बनियन उलटं घालून बाहेर पडला, एकदा पायमोजे दोन रंगांचे. घालू दे.

दाढी करायला मात्र खरंच येत नव्हती, बाबा करून द्यायचे. ती आम्ही शेवटून शिकवली. म्हणजे असं की आधी सगळं बाबांनी करायचं, फक्त शेवटचं काम, ट्रिमर पुसून ड्रॉवरमध्ये ठेवणं, त्याने करायचं. ते पक्कं झालं की त्याच्या आधीचं, म्हणजे आरशात बघून हात फिरवून कुठे राहिलंय का ते शोधणं. मग त्याच्या आधीचं. याचा फायदा असा की प्रत्येक वेळी काम त्याच्या हातून पूर्ण होतं, सुरुवातीलाच अडकून बसत नाही. तीन महिने लागले. मधे एक दिवस अर्धी मिशी राहिली आणि तो तसाच माझ्याकडे आला, मी काही बोलले नाही, त्यानेच माझ्या खिडकीच्या काचेत पाहिलं आणि हसत सुटला.

पहिल्या भेटीत आईने अजून एक गोष्ट सांगितली होती, कौतुकाने. "कुणालाच नाही म्हणत नाही हो, जो सांगेल त्याचं ऐकतो." मला याचीच सगळ्यात जास्त भीती वाटते. जागतिक आरोग्य संघटनेने करून घेतलेला एक आढावा २०१२ साली प्रसिद्ध झाला होता, त्यात अपंगत्व असलेल्या मुलांवर हिंसा होण्याची शक्यता इतर मुलांच्या ३.७ पट निघाली. आणि आपण वर्षानुवर्षं थेरपीत काय शिकवतो, तर सांगितलेलं ऐक. म्हणून आमच्या सेशनमध्ये आम्ही चक्क नाही म्हणायची प्रॅक्टिस केली. मी मुद्दाम म्हणायचे, तुझं घड्याळ मला दे. पहिल्यांदा काढून दिलं. पाचव्या वेळी हात मागे घेतला पण तोंडाने काही नाही. पुढे एकदा "नाही, माझं आहे" म्हणाला आणि मग घाबरून माझ्याकडे बघत बसला की आता ही रागावणार. घरी पण सांगितलं, दोन शर्ट पुढे ठेवा, तो जो घेईल तो चालवून घ्या, आणि त्याने नाही म्हटलं की निदान दिवसातून एकदा तरी ते नाही खरं होऊ द्या. घरातल्या नाहीला किंमत नसेल तर बाहेर तो कशाच्या जोरावर नाही म्हणेल?

बाथरूमचं दार हा पण त्यातलाच भाग. १९ वर्षांचा मुलगा आणि दार उघडं, कारण आतून कडी लागली आणि तो पडला तर? भीती खोटी नाही. बाहेरून नाण्याने फिरवून उघडता येतं असं लॉक मिळतं, ते लावलं. रॉबर्ट पर्स्के नावाच्या लेखकाने १९७२ मध्ये लिहिलं होतं की या माणसांना धोका पत्करायचा पण हक्क आहे, सगळ्या धोक्यांपासून वाचवत बसलो तर त्यांचा माणूस म्हणून मान जातो. वाचायला छान वाटतं, दारापाशी उभ्या असलेल्या आईला ते पचवणं वेगळं. म्हणून मी पालकांना धोका पत्करा असं नुसतं सांगत नाही, नाण्याचं लॉक सांगते.

मग काम. ओळखीतल्या एका ऑफिसात आठवड्यातून तीन सकाळी, कागद जुळवून पाकिटात घालायचं. सत्तरच्या दशकात मार्क गोल्ड या अमेरिकन शिक्षकाने तीव्र बौद्धिक अक्षमता असलेल्या लोकांना सायकलच्या ब्रेकचे सुटे भाग जोडायला शिकवून दाखवलं होतं, आणि त्याचं म्हणणं एवढंच होतं की शिकला नाही तर त्याला नापास करू नका, शिकवायची पद्धत बदला. पाकिटं तर सोपी होती, एक चूक नाही. पण पंधरा दिवसांनी तिथले साहेब म्हणाले, काम उत्तम, पण संपलं की बसून राहतो, कुणी सांगेपर्यंत. तेच, आईचा आवाज तिथेही हवाच होता, फक्त आई नव्हती. मग ट्रेच्या तळाशी एक लाल कार्ड ठेवलं. कागद संपले की कार्ड दिसतं, कार्ड दिसलं की ते उचलून साहेबांच्या टेबलावर न्यायचं आणि विचारायचं, पुढे काय. पहिले काही दिवस त्याने वाटेत भेटेल त्याला कार्ड दिलं, शिपायाला, पाहुण्यांना. आता बरोबर जातं.

धाकट्या बहिणीला मी एकदाच एकटीला भेटले. १६ वर्षांची. म्हणाली, "मला कुणी विचारलंच नाहीये, धरूनच चाललेत की पुढे मीच त्याला सांभाळणार." त्यावर घरात जे बोलणं झालं ते त्यांचं त्यांच्यात, मी इथे लिहीत नाही. पण ज्यांच्या घरी भावंड आहे त्यांनी विचारा. आज विचारा.

आणि हो, आमच्यानंतरचं. तेही बोललो आम्ही, सहा महिन्यांनी. १८ पूर्ण झाल्यावर बऱ्याच देशांत मुलाच्या वतीने आईवडिलांची सही आपोआप चालत नाही, कायदा सगळीकडे वेगळा, त्यामुळे वकिलाकडे लवकर जा एवढंच मी सांगते, तो माझा विषय नाही. एक मात्र सांगते, संयुक्त राष्ट्रांच्या २००६ च्या अपंग हक्क कराराचं बारावं कलम म्हणतं की कायद्यापुढे ही माणसं सगळ्यांच्या बरोबरीची आहेत आणि त्यांना निर्णय घ्यायला लागेल ती मदत द्यायची. मदत म्हणजे त्याच्या वतीने परस्पर ठरवून टाकणं नाही.

पण कागदपत्रांहून मला महत्त्वाची वाटते ती वही. ताईंना म्हटलं, तुमच्या डोक्यात जे आहे ते लिहून काढा. औषधं, डॉक्टर, थायरॉइडची तपासणी कधी, ते तर आहेच (डाऊन सिंड्रोममध्ये ती नियमित करावीच लागते). पण त्यांनी दुसऱ्या पानावर लिहिलं होतं, "पोट दुखत असेल तर सांगत नाही. पायमोजे काढतो आणि कोपऱ्यात जाऊन बसतो." हे जगात एकाच माणसाला माहीत होतं. बाबांनाही नाही! ते वाचून बाबा म्हणाले, "अच्छा, म्हणून काढतो होय."

रात्री बाहेर राहणं मावशीकडून सुरू केलं. मी नको तितक्या घरांत पाहिलंय की मूल घराबाहेरची पहिली रात्र आई किंवा वडील गेल्यावरच काढतं. एकाच दिवसात माणूस गेलं, घर गेलं, पलंग गेला, आणि कुणी काही समजावत नाही. त्यापेक्षा आई जिवंत असताना, फोनच्या अंतरावर असताना गेलेलं बरं. पहिल्या रात्री फोन पाच झाले, सगळे आईकडून. त्याने एकदाही केला नाही, ताईंना त्याचं थोडं वाईटच वाटलं, आणि ते वाईट वाटणंही आम्ही एका सेशनमध्ये बोललो.

पैशाचे व्यवहार अजून जमत नाहीत, कदाचित पूर्ण जमणारही नाहीत. बस एकट्याने सुरू झालीय, एकदा स्टॉप चुकला, ड्रायव्हरला खिशातलं पत्त्याचं कार्ड दाखवलं, घरी पोचला.

मागच्या आठवड्यात परत मोजायला सांगितलं. सकाळच्या सूचना ३१ वरून ६ वर आल्यात. ताई कागद पुढे करून म्हणाल्या, "मॅडम, यातल्या दोनच माझ्या." उरलेल्या चार बाबांच्या. आई गप्प झाल्यापासून ते सुरू झालेत. पुढची अपॉइंटमेंट बाबांना दिलीय.