मुलगी मोर्चात जाते, तिच्या नोकरीचं काय?

भाऊ, नमस्कार.

तुमचं चार पानी पत्र दोनदा वाचलं. वाचकांसाठी त्यातलं थोडक्यात सांगते. तुम्ही चंद्रपूरच्या ऊर्जानगरात राहता, 26 वर्षं औष्णिक वीज केंद्रात तंत्रज्ञ आहात. मुलगी 19 वर्षांची, तंत्रनिकेतनात इलेक्ट्रिकलच्या शेवटच्या वर्षाला. गेल्या पावसाळ्यापासून ती तिथल्या पोरापोरींच्या एका गटात आहे. हवेतल्या प्रदूषणाची नोंद लोकांना रोज दिसेल अशी लावा, सरकारी शाळांच्या छतांवर सौर पॅनल बसवा आणि त्या कामावर जिल्ह्यातलीच मुलं घ्या, अशा त्यांच्या मागण्या. जिल्हाधिकारी कार्यालयासमोर फलक धरून उभ्या असलेल्या तिचा फोटो पेपरात आला आणि दुसऱ्या दिवशी पाळीवर एक जण तुम्हाला म्हणाला, ‘पोरगी आपलीच चूल विझवायला निघाली का?’ तेव्हापासून तुम्हाला झोप नाही. तिला थांबवू का, गुन्हा दाखल झाला तर पुढे काय, आणि या सौर-बिरमध्ये खरंच पोट भरेल अशी नोकरी आहे का, असे तुमचे तीन प्रश्न आहेत.

आधी त्या चुलीबद्दल बोलते, कारण तो शब्द तुम्हाला लागलाय हे अक्षरावरूनही दिसतं.

तुमचं केंद्र आज 2920 मेगावॅटचं आहे. पूर्वी ते 3340 मेगावॅटचं होतं. 210 मेगावॅटचे पहिले दोन संच बंद झाले ते कोणाच्या घोषणांमुळे नव्हे, ते म्हातारे झाले होते म्हणून. बाकीचे संचही उद्या बंद होत नाहीत. तुमची नोकरी त्यांच्या आधी संपेल. पण मुलीचं गणित वेगळं मांडा. आज 19 वर्षांची मुलगी निवृत्त होईल ती 2065 च्या आसपास. भारताने ग्लासगोच्या हवामान परिषदेत नेट झिरोसाठी, म्हणजे हवेत जेवढा कार्बन सोडू तेवढाच शोषला जाईल अशा स्थितीसाठी, जाहीर केलेलं वर्ष आहे 2070. म्हणजे तिची अख्खी नोकरी नेमकी या बदलाच्या काळात पडते. कोळशाची वीज हळूहळू कमी होणार, दुसरी वाढणार, आणि ही अदलाबदल हाताने करणारी माणसं तिच्या वयाची असणार. तुमच्या सहकाऱ्यांना हेही सांगा की साक्री तालुक्यातला 125 मेगावॅटचा सौर प्रकल्प 2013 पासून चालतो आणि तो महानिर्मितीचाच आहे. तुमची कंपनी दुसरी चूल मांडून बसली आहे, पोरीने त्याबद्दल बोललं तर कुठे बिघडलं?

हवेचं म्हणाल तर तुम्हाला मी काय सांगायचं. दोरीवरचे कपडे काढताना आधी झटकायचे, हे तुमच्या घरात तिने लहानपणापासून पाहिलं. केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाने 2009 साली देशातल्या औद्योगिक पट्ट्यांचा प्रदूषण निर्देशांक काढला, त्यात चंद्रपूरला 83.88 गुण होते आणि देशातल्या सर्वाधिक प्रदूषित पट्ट्यांत चौथा क्रमांक. तुमची मुलगी तेव्हा अगदी लहान असेल. ज्या हवेत ती वाढली तिच्याबद्दल ती प्रश्न विचारते, यात बापाशी वैर कुठेच नाही.

आता नोकरीचं. इथे मी गोड बोलणार नाही.

सौर क्षेत्रात काम आहे, भरपूर आहे, पण त्यातलं बरंचसं कंत्राटी आणि थोड्या दिवसांचं आहे. मोठा सौर प्रकल्प उभा राहताना खड्डे, सांगाडे, केबल, पॅनल यासाठी शेकडो हात लागतात. प्रकल्प सुरू झाला की राहतात थोडे तंत्रज्ञ, पहारेकरी, आणि पॅनल धुणारे, गवत कापणारे. माझा वर्ध्याकडचा एक विद्यार्थी असाच एका कंपनीत लागला. आठ महिन्यांत काम संपलं, शेवटच्या दोन महिन्यांचा पगार बुडाला, आणि मागायला गेला तर हातात नियुक्तीपत्रच नव्हतं. तो आयटीआयमध्ये पहिला आलेला मुलगा होता. त्या दिवसापासून मी प्रत्येक मुलाला सांगते, पॅनलला हात लावण्याआधी नियुक्तीपत्र आणि पीएफचा क्रमांक मागायचा. लाजायचं नाही.

मग टिकाऊ काम कुठे आहे? माझ्या मते ते घराच्या छतावर, वावरातल्या पंपावर आणि उपकेंद्रात आहे. फेब्रुवारी 2024 मध्ये सुरू झालेल्या पंतप्रधान सूर्यघर योजनेचं उद्दिष्ट एक कोटी घरांचं आहे. तीन किलोवॅटला 78 हजार रुपये अनुदान मिळतं, म्हणून लोक पुढे येतात. एका किलोवॅटमधून दिवसाला साधारण चार युनिट वीज मिळते, पण ती मिळत राहायची तर अर्थिंग नीट हवं, केबलचे जोड घट्ट हवेत, इन्व्हर्टर बोलतो ते कळणारं माणूस जवळ हवं. आज घरमालकाची खरी तक्रार हीच असते की बसवून गेलेला माणूस पुन्हा फिरकत नाही. तीच गोष्ट शेतीपंपांची. ‘मागेल त्याला सौर कृषी पंप’ योजनेत शेतकरी किमतीच्या 10 टक्के भरतो, अनुसूचित जाती-जमातीचा असेल तर 5 टक्के, आणि पहिली पाच वर्षं दुरुस्ती कंत्राटदाराकडे. सहाव्या वर्षी धुऱ्यावर उभा राहून शेतकरी कोणाला फोन करणार? त्या फोनचं उत्तर देणारे मुलंमुली तालुक्यातालुक्यात लागणार आहेत. तिसरं, मुख्यमंत्री सौर कृषी वाहिनी योजनेतून उपकेंद्रांजवळ लहान-मोठे सौर प्रकल्प होताहेत, त्यांची वीज शेवटी उपकेंद्रातूनच जाते. रोहित्र, रिले, ब्रेकर समजणाऱ्याला तिथे मरण नाही. आणि हे सगळं इलेक्ट्रिकलच आहे, सौर हा त्याचा फक्त एक कोपरा. म्हणून मुलीने डिप्लोमा सोडून कुठल्या तीन महिन्यांच्या सौर कोर्सला जाऊ नये. ‘सूर्यमित्र’ हा 600 तासांचा सरकारी कोर्स चांगला आहे, पण तो तिच्यापेक्षा तिच्या गटातल्या आयटीआय झालेल्या मित्रांच्या कामाचा. तो माहितीचा कागद तिच्याकरवी त्यांच्यापर्यंत पोहोचू द्या.

तिच्यासाठी मी असं सुचवेन. शेवटच्या सत्राचा प्रकल्प तिने आपल्याच मागणीवर करावा: एक सरकारी शाळा निवडायची, वर्षाची वीजबिलं मिळवायची, छत मोजायचं, सावली कुठे पडते ते तासातासाला पाहायचं, आणि किती किलोवॅट बसेल, किती खर्च, किती वर्षांत वसूल, हे मांडायचं. हाच कागद परीक्षेत चालेल, मुलाखतीत चालेल आणि जिल्हा परिषदेच्या टेबलावरही चालेल. डिप्लोमानंतर एक वर्ष शिकाऊ उमेदवारी करावी, महावितरण किंवा महापारेषणमध्ये मिळाली तर उत्तम. उपकेंद्रात घालवलेलं वर्ष कुठल्याही प्रमाणपत्रापेक्षा जड असतं. मग थेट दुसऱ्या वर्षाला अभियांत्रिकी करायची की सरकारी भरतीला बसायचं, ते तेव्हा ठरवा. राज्य सरकारच्या भरतीत महिलांना 30 टक्के आरक्षण आहे हे विसरू नका. शिक्षणशुल्काचंही पाहा: 8 लाखांपर्यंत वार्षिक उत्पन्न असलेल्या अनेक प्रवर्गांतल्या मुलींना व्यावसायिक शिक्षणाचं शुल्क माफ आहे. तुमचं उत्पन्न त्या रेषेच्या आसपास असेल, महाविद्यालयात नीट विचारा.

गुन्ह्याची भीती. तुम्ही बंगळुरूची तरुण पर्यावरण कार्यकर्ती दिशा रवी हिचं नाव लिहिलंत. 2021 च्या फेब्रुवारीत तिला अटक झाली हे खरं, आणि दहा दिवसांनी दिल्लीच्या न्यायालयाने जामीन दिला हेही खरं. मेट्रोच्या कारशेडसाठी तोडल्या जाणाऱ्या आरेच्या झाडांसाठी 2019 मध्ये मुंबईत 29 जणांना अटक झाली, पुढे सरकारने ते गुन्हे मागे घ्यायचं जाहीर केलं. पण त्याच आठवड्यात कायद्याच्या एका विद्यार्थ्याने सरन्यायाधीशांना पत्र लिहिलं, आणि त्या पत्रावरून सर्वोच्च न्यायालयाने तोड थांबवली. दोन हजारांवर झाडं तोवर गेली होती, तरी थांबवली ती त्या कागदाने.

बापाची भीती मात्र उदाहरणांनी जात नाही, म्हणून नियम सांगते. नुसता गुन्हा नोंदला म्हणजे दोष सिद्ध झाला असं होत नाही. पण खटला न्यायालयात सुरू असेल तर पासपोर्ट अडू शकतो, न्यायालयाची परवानगी घ्यावी लागते. सरकारी नोकरीच्या साक्षांकन नमुन्यात अटक वा खटल्याबद्दल विचारतात. तिथे लपवणं सगळ्यात घातक. सर्वोच्च न्यायालयाने 2016 च्या अवतार सिंग प्रकरणात यावर सविस्तर लिहिलंय: किरकोळ बाब खरी सांगितली तर नोकरी देणाऱ्याला तारतम्याने विचार करता येतो, दडवली तर उमेदवार स्वतःच अडकतो. म्हणून मुलीला एवढंच बजावा. मोर्चाआधी पोलीस ठाण्यात अर्ज द्यायचा आणि पोच घ्यायची. जमावबंदीचा आदेश असेल त्या दिवशी घरी थांबायचं. समाजमाध्यमावर कुणा अधिकाऱ्याचं नाव घेऊन आरोप करायचा नाही, लिहायचं ते मोजलेल्या आकड्यावर. ती हे पाळत असेल तर तिला थांबवायचं कारण मला दिसत नाही.

उलट या गटात ती जे शिकते आहे ते कोणत्याही तंत्रनिकेतनात शिकवत नाहीत, हे मी फार जवळून पाहिलंय. खाण किंवा कारखाना येणार असेल तर पर्यावरणविषयक जनसुनावणी होते. तिची सूचना किमान 30 दिवस आधी द्यावी लागते, आणि प्रकल्पाच्या अहवालाचा सारांश मराठीत मिळतो. बहुतेक मुलं तिथे घोषणा देऊन परततात. तुमच्या मुलीने तो सारांश वाचून दोन पानांचं लेखी निवेदन दिलं तर ते कामकाजाच्या नोंदीत जातं, वरपर्यंत जातं. माहिती अधिकाराचा अर्ज 10 रुपयांत होतो, उत्तराची मुदत 30 दिवस. वीज दर ठरवण्याआधी राज्य वीज नियामक आयोग लोकांच्या हरकती मागवतो. पुण्यातल्या ‘प्रयास’ संस्थेचा ऊर्जा गट वर्षानुवर्षं असं काम करतो आहे, आणि अशा कामाच्या पगारी नोकऱ्या असतात हे आपल्याकडे फार थोड्या पालकांना माहीत असतं. वीज समजते, हिशेब समजतो आणि मराठीत लोकांना समजावता येतं, अशी माणसं कमी आहेत.

आणि सौर म्हटलं की सगळं सोवळं, असं तिने मानू नये. धुळे जिल्ह्यातल्या विखरणचे वयोवृद्ध शेतकरी धर्मा पाटील प्रकल्पात गेलेल्या जमिनीच्या मोबदल्यासाठी खेटे घालून थकले, 2018 च्या जानेवारीत त्यांनी मंत्रालयात विष घेतलं आणि त्यात ते गेले. ती जमीन वीज प्रकल्पासाठी घेतली होती, आणि पुढे तिथे सौर प्रकल्प ठरला होता. सौर प्रकल्पांच्या उच्चदाब तारांना माळढोक धडकून मरतात, आणि तुमच्या वरोऱ्याकडच्या माळावर तो पक्षी एकेकाळी नांदत होता. स्वच्छ विजेच्या क्षेत्रात आतून असे प्रश्न विचारणारे अभियंते लागतील. ज्याने कधी प्रश्नच विचारला नाही, तो तिथे जाऊन काय विचारणार?

भाऊ, पत्राच्या शेवटी तुम्ही एक ओळ लिहून खोडलीत. खोडली तरी वाचता आली: ‘तिला माझ्या कामाची लाज वाटते काय?’

मला तसं वाटत नाही. पण तिला तुमचं काम पुरतं माहीत नसणार. रात्री फ्रिक्वेन्सी घसरली की नियंत्रण कक्षात काय धावपळ होते, संध्याकाळी सूर्य गेल्यावर मागणी चढते तेव्हा संच कसा वर घेतात, बंद संच पुन्हा चालू करायला किती तास जातात, हे तिच्या गटातल्या एकालाही ठाऊक नसेल. सौर विजेचा सगळा पेच सूर्यास्तानंतर सुरू होतो, आणि त्या वेळेला काय घडतं हे तुम्ही 26 वर्षं हाताने केलंय. तुमच्या साप्ताहिक सुट्टीला त्या पोरांना घरी बोलवा. चहा ठेवा. घड्याळाप्रमाणे दिवसभराच्या मागणीचा आलेख त्यांना कागदावर काढून दाखवा, आणि सौर कुठे बसते, कुठे नाही, ते त्यांनाच भरायला लावा. हे त्यांना आयोगासमोर बोलताना उपयोगी पडेल, शाळेच्या छताचा हिशेब करताना तर पडेलच.

मुलीला मला स्वतः लिहायला सांगा. सोबत मागच्या दोन सत्रांच्या गुणपत्रिका आणि गटाने जिल्हाधिकाऱ्यांना दिलेल्या निवेदनाची प्रत पाठवू दे. शाळा कोणती निवडली तेही कळवायला सांगा, वीजबिलं मागण्याचा अर्ज कसा लिहायचा ते मी तिला पाठवते.