एमएस (मल्टिपल स्क्लेरोसिस, मेंदू आणि मज्जारज्जूचा आजार) आहे आणि अचानक खांदा-पाठ धरली, काय करू?
एमएस असला म्हणून प्रत्येक दुखणं रिलॅप्स (आजार पुन्हा उसळणं) नसतं हो. पायात जोर कमी असला की आपण नकळत काठीवर, ओट्यावर रेलतो, सगळा भार खांद्यावर येतो आणि मग एक दिवस पाठ धरते, माझं तरी बऱ्याचदा हेच निघतं. शेक घ्या, पण पाठीला बधिरपणा असेल तर भाजलेलं कळतच नाही, म्हणून पिशवी आधी चांगल्या हाताला लावून बघा. बॅक्लोफेन (स्नायूंचा ताठरपणा कमी करणारी गोळी) चालू असेल तर मनाने एकदम बंद करायची नाही. नवीन त्रास 24 तासांवर टिकला तर न्यूरोलॉजिस्टला फोन करा, लघवीचं इन्फेक्शनही बघून घ्या, त्यानेही जुनी लक्षणं उसळतात. छातीत दाब, धाप, लघवी अडणं किंवा पाय अचानक लुळे पडले तर मात्र एमएसचंच असेल म्हणत घरी बसू नका, सरळ इमर्जन्सीत जा.