वाचकांचे प्रश्न : मोठी फॅमिली एसयूव्ही, नवी घ्यावी की वापरलेली?

या वेळी मोठ्या, तीन रांगांच्या एसयूव्हीबद्दल बरेच प्रश्न आलेत, म्हणून सगळे एकत्रच घेतोय. पहिलं उत्तर लांबलंय, पण त्यातलं बरंचसं बाकीच्यांनाही लागू पडेल.

प्रश्न : आम्ही घरात सात जण. सासू-सासरे, आम्ही दोघं आणि तीन मुलं, वयं ११, ७ आणि ३. कुठे जायचं म्हटलं की दोन गाड्या काढाव्या लागतात, ते आता नको झालंय. बजेटमध्ये एकतर मोठ्या एसयूव्हीचं नवं पण खालचं व्हेरियंट बसतं, नाहीतर तीनेक वर्षं वापरलेलं टॉपचं. नवरा म्हणतो नवीच घेऊ, डोक्याला ताप नको. मला एवढे पैसे एका गाडीत घालणं पटत नाहीये. कोणाचं बरोबर?

उत्तर : नवी की जुनी हे नंतर बघू. आधी एक सांगा, तिसऱ्या रांगेत कोण बसणार? हे ठरल्याशिवाय पुढे जाऊच नका, कारण सात जणांची गाडी म्हणून घेतलेल्या कितीतरी गाड्या खरं तर पाच जणांच्याच असतात आणि मागे कोणीतरी अंग चोरून बसलेलं असतं.

शोरूममध्ये गेलं की आपण पहिलं ड्रायव्हरच्या सीटवर बसतो, स्टिअरिंग धरतो, मोठी स्क्रीन बघतो आणि तिथेच अर्धं मन ठरून जातं. तुम्ही उलटं करा. सगळ्यांना घेऊन जा, सासू-सासऱ्यांसकट, आणि पहिलं मागे चढा. चांगली पंधरा-वीस मिनिटं बसा. मोठ्या माणसाचे गुडघे कमरेच्या वर येत असतील तर मागचा फ्लोअर उंच आहे असं समजा, लांबच्या प्रवासात त्या सीटवरचा माणूस आंबून जाणार.

हे असं का होतं तर लॅडर फ्रेमवरच्या (ट्रकसारख्या वेगळ्या लोखंडी सांगाड्यावरच्या) गाडीला मागे एकसंध ॲक्सल (दोन्ही चाकं जोडणारा एकच दांडा) असेल तर तो वरखाली व्हायला जागा सोडावी लागते, मग फ्लोअर वर जातो आणि सीट जवळजवळ जमिनीवर बसल्यासारखी होते. इंडिपेंडंट सस्पेंशन असेल, म्हणजे प्रत्येक चाक स्वतंत्र वरखाली होत असेल, तर फ्लोअर खाली आणता येतो. फोर्ड एक्सपिडिशनने हे २००३ च्या मॉडेलला केलं, शेवरोले टाहो आणि सबर्बनला ते २०२१ च्या मॉडेलला मिळालं, आणि त्या वर्षाच्या आधीची टाहो आणि नंतरची टाहो यात तिसऱ्या रांगेत बसलात तर फरक लगेच कळतो. पण नवीन म्हणजे मागे ऐसपैस असंही नाही बरं का. टोयोटा सिक्वोयाला आधीच्या पिढीत इंडिपेंडंट सस्पेंशन होतं, २०२३ च्या मॉडेलला परत एकसंध ॲक्सल आला आणि शिवाय हायब्रिडची बॅटरी मागे खाली बसवली, त्यामुळे मागचा फ्लोअर उंचच झाला. म्हणून माझा आग्रह आहे की ब्रोशर बाजूला ठेवा आणि बसून बघा.

आता तुमच्या घरचं. सासू-सासऱ्यांना तिसऱ्या रांगेत चढायला लावू नका. मधे दोन सुट्या सीट असलेली गाडी दिसायला छान असते, मधून मागे जायला वाटही मिळते, पण तुमच्याकडे मग तिघंही मुलं मागे जातील आणि ३ वर्षांच्या मुलाचा बेल्ट लावायला दर वेळी कोणीतरी वाकून आत शिरायचं. मला तुमच्यासाठी मधे सलग सीट असलेली आठ जणांची गाडी जास्त पटते, म्हणजे मधल्या रांगेत आजी-आजोबा आणि धाकटं, मागे दोघं मोठी. फक्त चाइल्ड सीट लावलेली बाजू बऱ्याच गाड्यांत दुमडता येत नाही, म्हणून मागे जायचा रस्ता दुसऱ्या बाजूने आहे ना हे तुमची स्वतःची चाइल्ड सीट नेऊन, लावून तपासा. आयसोफिक्स (चाइल्ड सीट थेट गाडीला अडकवायच्या कड्या) कुठल्या कुठल्या सीटला आहे तेही बघा, बऱ्याच गाड्यांत तिसऱ्या रांगेत नसतंच. ७ वर्षांच्याला बूस्टर लागेल, साधारण १४५ सेंटीमीटर उंची होईपर्यंत बेल्ट नुसताच लावला तर तो मानेवर आणि पोटावर येतो. मागच्या प्रत्येक सीटला तीन-पॉइंट बेल्ट आणि नीट वर येणारा हेडरेस्ट हवा, आणि कर्टन एअरबॅग (खिडक्यांवर उघडणारी) तिसऱ्या रांगेपर्यंत हवी. यात तडजोड नको. मागे बसणारं मूल पुढच्या माणसाइतकंच सुरक्षित असायला हवं.

मग डिकी. तिसरी रांग उघडी असताना किती सामान मावतं ते बघायचं, दुमडून नाही, कारण तुमची ती कायम उघडीच राहणार. उदाहरण द्यायचं तर २०२१ नंतरच्या टाहोत तिसऱ्या रांगेमागे साधारण ७२० लिटर जागा आहे आणि तिच्याच लांब भावंडात, सबर्बनमध्ये, ११७५ च्या आसपास. लांबीतला फरक ३८ सेंटीमीटरचा, ५.३५ मीटर आणि ५.७३ मीटर. त्या ३८ सेंटीमीटरमुळे सात जणांच्या बॅगा बसतात की टपावर जातात हे ठरतं. पण मग आधी घरी टेप घेऊन पार्किंग मोजा, लांबी, उंची आणि आरसे उघडे धरून रुंदीसुद्धा.

आणखी एक आकडा आहे जो कोणी विचारतच नाही, तो म्हणजे गाडी एकूण किती वजन वाहू शकते. पूर्ण भरलेल्या गाडीचं कमाल वजन वजा रिकाम्या गाडीचं वजन. बऱ्याच देशांत हे दाराच्या खांबावरच्या स्टिकरवर असतं, नाहीतर मॅन्युअलमध्ये. मोठ्या गाड्यांत ते बहुतेक ६०० ते ८०० किलोच्या आसपास येतं. सात जण सरासरी ६० किलोचे धरले तर ४२० झाले, प्रत्येकाची १५ किलोची बॅग म्हणजे १०५, टपावर कॅरिअर आणि वर सामान ७५, झाले ६००. एवढी अवाढव्य दिसणारी गाडी घरच्याच माणसांनी भरते. त्यावर वजन गेलं की ब्रेक लागायला अंतर जास्त लागतं, टायर तापतात, आणि टपावरच्या ओझ्याने वळणावर गाडी कलते.

आता नवी की जुनी. तुमच्या ठिकाणी मी असतो तर तीन वर्षांची घेतली असती. नव्या गाडीची किंमत पहिल्या काही वर्षांत सगळ्यात जोरात उतरते आणि ती उतरण आधीच्या मालकाने सोसलेली असते. पण दोन गोष्टी. पहिली, जी गाडी बाजारात किंमत धरून ठेवते, लँड क्रूझरसारखी, तिच्यात जुनी घेऊन फार वाचत नाही, तिथे नवऱ्याचं बरोबर, नवी वॉरंटीसकट घ्या. दुसरी आणि जास्त महत्त्वाची, जुनी गाडी स्वस्तात मिळाली तरी तिचे टायर, ब्रेक डिस्क, सस्पेंशनचे पार्ट स्वस्त होत नाहीत, ते महागड्या नव्या गाडीच्याच भावाने येतात आणि पेट्रोलही ती तेवढंच पिते. म्हणून किमतीचा निदान दहावा हिस्सा पहिल्या वर्षासाठी वेगळा काढून ठेवा, तो काढून जर बजेट कोसळत असेल तर एक साइज लहान गाडी बघा. टॉपच्या व्हेरियंटमध्ये लेदर आणि सनरूफ किती आहे याने भुलू नका, ऑटोमॅटिक ब्रेकिंग, ब्लाइंड स्पॉटची सूचना, सगळ्या एअरबॅग या गोष्टी नव्या खालच्या व्हेरियंटमध्ये असतील आणि तीन वर्षं जुन्या टॉपमध्ये नसतील तर मग मी खुशाल नवं खालचं घेईन.

आणि एकदा सरकत्या दारांची एमपीव्ही (माणसांसाठी बनवलेली व्हॅनसारखी गाडी) बघून याच. ओढायला काही नाही, कच्च्या रस्त्यावर जायचं नाही, असं असेल तर खाली फ्लोअर, मोठी दारं आणि तिसऱ्या रांगेमागे खोल डिकी यामुळे आजी-आजोबा आणि मुलं दोघांनाही ती जास्त सुखाची. रुबाब कमी आहे, मान्य. पण मागे बसणाऱ्याला विचारा.

प्रश्न : आठ वर्षं वापरलेली, १ लाख ३० हजार किलोमीटर झालेली फोर बाय फोर बघून आलोय. आतून चकाचक आहे, मालक सज्जन वाटला. मेकॅनिकला नेण्याआधी मी स्वतः काय काय बघू?

उत्तर : आतून चकाचक हे सगळ्यात सोपं काम आहे, त्याला फार किंमत देऊ नका. मालकाला आधीच सांगा की मी येईपर्यंत गाडी सुरू करू नका, आणि गेल्या गेल्या बॉनेटवर हात ठेवा. गरम असेल तर दुसऱ्या दिवशी या. थंड इंजिन सुरू होतानाच टकटक, धूर, चेनचा आवाज जे काय असेल ते कळतं. एअर सस्पेंशन (स्प्रिंगऐवजी हवेचे फुगे) असेल तर तेव्हाच लांबून बघा की रात्रभर उभी राहून गाडी एका कोपऱ्यात खाली बसलीये का.

टायर नुसते खोल आहेत का एवढंच बघू नका. बाजूला कोडच्या शेवटी चार आकडे असतात, २३१९ म्हणजे २०१९ चा २३ वा आठवडा. सहा वर्षं उलटलेला टायर मी कुटुंबाच्या गाडीवर ठेवणार नाही, नक्षी कितीही असो, आणि स्टेपनीचाही कोड बघा, ती पहिल्या दिवसापासूनची असते बऱ्याचदा. फोर बाय फोरमध्ये चारही टायर एकाच मापाचे आणि जवळजवळ सारखे झिजलेले हवेत, फुल-टाइम सिस्टिम (चारही चाकांना कायम ताकद) असेल तर फारच, कारण कमी-जास्त झिजलेल्या चाकांचा ताण थेट चाकांना ताकद वाटणाऱ्या ट्रान्सफर केसवर आणि डिफरन्शिअलवर येतो. जिथे पार्ट-टाइम सिस्टिम (हवी तेव्हाच चारही चाकांना ताकद) आहे तिथे फोर-हाय आणि फोर-लो (चारही चाकांचा नेहमीचा आणि हळू पण जास्त ताकदीचा गिअर) माती किंवा खडीवर लावून बघा, कोरड्या डांबरावर लावून वळवू नका.

गिअरबॉक्सचं ऑइल बदललं का हा प्रश्न जरूर विचारा. पुष्कळ कंपन्या ते आयुष्यभराचं म्हणतात, पण गिअरबॉक्स बनवणारी झेडएफ स्वतः ८० हजार ते १ लाख २० हजार किलोमीटरला, किंवा फार तर आठ वर्षांत बदला म्हणते. तुमची गाडी दोन्ही हिशेबांनी तिथे पोचलीये. बिल दाखवता आलं नाही तर तो खर्च किमतीतून वजा करा. मागे हुक असेल आणि त्याचा गोळा घासून चकाकत असेल तर गाडीने ओझं ओढलंय, मग गिअरबॉक्सकडे आणखी बारकाईने बघायला लावा.

सगळ्या सीटचे बेल्ट शेवटपर्यंत ओढून बाहेर काढा, तिसऱ्या रांगेचेसुद्धा. पुराच्या पाण्यात बसलेली गाडी कितीही धुतली तरी बेल्टच्या आतल्या टोकाला मातीची रेघ राहते, सीटखालच्या रुळांना गंज असतो. मग खाली वाकून फ्रेम बघा, वरवरचा गंज चालतो, स्क्रूड्रायव्हर टोचल्यावर आत जातो तो नाही चालत.

मेकॅनिकला स्कॅनर लावून नुसते फॉल्ट कोड नाही, रेडिनेस मॉनिटर (गाडीने स्वतःच्या तपासण्या पूर्ण केल्यात का ते दाखवणारी नोंद) बघायला सांगा. कोड पुसले की हे मॉनिटर रिकामे होतात आणि पूर्ण व्हायला पुष्कळ गाडी चालवावी लागते, तेव्हा बरेचसे अपूर्ण दिसले तर नुकतंच काहीतरी पुसलंय किंवा बॅटरी काढलीये, विचारा का ते. आणि चासी नंबरवरून रिकॉल तपासाच. एप्रिल २०२५ मध्ये जनरल मोटर्सने ६.२ लिटर व्ही-८ इंजिनाच्या, २०२१ ते २०२४ मॉडेलच्या जवळपास ६ लाख गाड्या अमेरिकेत क्रँकशाफ्ट आणि कनेक्टिंग रॉडच्या दोषासाठी परत बोलावल्या, त्यात मोठ्या फॅमिली एसयूव्हीच भरपूर होत्या. अशी गाडी दुसऱ्या हाती आली आणि आधीच्या मालकाने काम करून घेतलं नसेल तर ते तुमच्या गळ्यात. काम फुकट होतं, फक्त न्यायला हवी.

मालक सज्जन आहे हे चांगलंच, मग तो या कशालाच नाही म्हणणार नाही.

प्रश्न : आम्ही पाच जण, कॅराव्हॅन (गाडीमागे ओढायचं फिरतं घर) घ्यायचा विचार आहे. सेल्समन म्हणतो ही एसयूव्ही ३५०० किलो ओढते. मग २५०० किलोची कॅराव्हॅन आरामात जाईल ना?

उत्तर : ओढेल, पण घरचे सगळे आत बसले की हिशेब बदलतो. ट्रेलरच्या वजनाचा साधारण दहावा हिस्सा किंवा थोडा जास्त हुकवर खाली दाबतो, म्हणजे २५० किलो, आणि ते २५० गाडीच्या वाहण्याच्या क्षमतेतूनच जातात. वरचा हिशेब बघा, माणसं, सामान आणि हुक सगळं मिळून ६५० किलोची मर्यादा असेल तर हुकचे २५० वजा जाऊन उरले ४००. पाच जणांचे ३०० गेले, उरलं सामान १००. शिवाय गाडी आणि ट्रेलर मिळून एक वेगळी कमाल मर्यादा असते, ती मॅन्युअलमध्ये बघा, आणि तुमच्या देशात किती वजनाला वेगळं लायसन्स लागतं तेही. कॅराव्हॅन भरून एकदा वजनकाट्यावर नेऊन या, कागदावरच्या वजनावर विसंबू नका.

प्रश्न : रोज चार किलोमीटर शाळा, चार किलोमीटर ऑफिस, महिन्यातून एकदा लांब. डिझेल घेऊ का?

उत्तर : नको. आत्ताच्या डिझेलला काजळी अडवणारा फिल्टर असतो, तो साफ व्हायला एक्झॉस्ट नीट तापावा लागतो आणि चार किलोमीटरमध्ये तो तापतच नाही. फिल्टर तुंबतो, साफ करायच्या प्रयत्नात जास्तीचं डिझेल इंजिन ऑइलमध्ये उतरतं, आणि फिल्टर बदलायचं बिल मोठं असतं. पेट्रोल किंवा हायब्रिड. वापरलेलं डिझेल बघताना आधीच्या मालकाचं रोजचं अंतर याच कारणासाठी विचारायचं.

प्रश्न : माझी उंची ५ फूट १ इंच आहे, घरातल्या लहान गाडीवरून मोठ्या एसयूव्हीवर जाताना भीती वाटते की समोर काही दिसणार नाही. सवयीने जाईल का?

उत्तर : तुमची भीती रास्त आहे आणि नुसत्या सवयीने ती जाऊ नये असं मला वाटतं. उंच, चौकोनी बॉनेटच्या पुढे जवळच उभं असलेलं लहान मूल उंच माणसालाही दिसत नाही. टेस्ट ड्राइव्हला गेलात की सीट पूर्ण वर घ्या, मग कोणालातरी मुलाच्या उंचीची, साधारण ७५ सेंटीमीटरची वस्तू बॉनेटसमोर धरून मागे मागे जायला सांगा आणि तुम्हाला तिचं टोक पहिल्यांदा कुठे दिसतं ते अंतर मोजा. हेच दोन-तीन गाड्यांत करा, आकडे खूप वेगळे येतील. मागचा कॅमेरा आता बहुतेक गाड्यांत असतो, अमेरिकेत मे २०१८ पासून नव्या गाड्यांना सक्तीचाच आहे, पण तुम्ही समोरचा कॅमेरा किंवा चारी बाजूंचा कॅमेरा मिळतो का ते विचारा, आणि जुन्या गाडीत नसेल तर बाहेरून बसवून घ्या, सेन्सरसकट. सीट वर घेतल्यावर पाय पेडलपर्यंत पूर्ण पोचतोय ना आणि स्टिअरिंगपासून छाती निदान २५ सेंटीमीटर लांब राहतेय ना, हेही तेव्हाच बघा. दोन्ही एकदम जमत नसेल तर ती गाडी तुमच्यासाठी नाही, दुसरी बघा.