सात चेंडूंकडे वळण्याआधी

प्रिय मुली,

सप्रेम आशीर्वाद.

जगलिंगमध्ये, म्हणजे अनेक चेंडू एकापाठोपाठ फेकून-झेलून हवेत खेळवण्यात, पाच चेंडू हातात बसले असून पुढच्या स्पर्धेत सात चेंडूंवर उतरायचे तू ठरवले आहेस, हे पत्रावरून कळले. तुझी उमेद मला मनापासून आवडली. मात्र संख्येचा मोह धरण्याआधी परीक्षक काय मोजतात ते नीट समजून घे.

प्रत्येक चेंडू एकेकदा फेकून झेलला, तर त्याला फ्लॅश म्हणतात. प्रत्येक चेंडू किमान दोनदा झेलला गेला, तरच ती संख्या ‘क्वालिफाय’ झाली असे जगलर मानतात. म्हणजे 7 चेंडूंना 14 झेल हवेत. ब्रिटनच्या अ‍ॅलेक्स बॅरनने 2012 साली 11 चेंडूंचे 23 झेल घेतले, तेव्हा ही अट त्याने जेमतेम एका झेलाने ओलांडली होती. जगलर जेसन गारफिल्ड यांच्या वर्ल्ड जगलिंग फेडरेशन या स्पर्धा घेणाऱ्या संस्थेने तर पोशाख, संगीत, विनोद बाजूला ठेवून केवळ काठिण्य आणि सफाई यांनाच महत्त्व दिले, आणि तुझ्या स्वभावाला हाच प्रकार मानवेल असे मला वाटते.

आता मुख्य अडचण. चेंडू हवेत दुप्पट वेळ राहावा असे वाटत असेल, तर तो चौपट उंच फेकावा लागतो. त्यामुळे मनगटाची जी किंचित चूक पाच चेंडूंत खपून जाते, तीच सात चेंडूंत वरच्या टोकाला मोठी होते आणि दोन चेंडू एकमेकांवर आदळतात. झेलण्यासाठी तुला सारखे पाऊल पुढे टाकावे लागत असेल, तर दोष झेलण्यात नसून फेकीत आहे, असे समज. कोपरे अंगाजवळ ठेवून भिंतीसमोर उभी राहा. चेंडू भिंतीला लागला की फेक कुठे चुकली ते तिथल्या तिथे कळेल.

ती उंची अंगवळणी पडण्यासाठी पाच चेंडूंवरच 744 हा साइटस्वॅप, म्हणजे आकड्यांत लिहिलेला फेकींचा क्रम, घे; आकडा जितका मोठा, तितकी फेक उंच. आकड्यांची सरासरी 5 येते, म्हणून तो पाच चेंडूंचा. पण त्यातली 7 ची फेक सात चेंडूंच्या कॅस्केडइतकीच (चेंडू आलटून-पालटून एका हातातून दुसऱ्या हातात फेकण्याच्या मूळ प्रकाराइतकीच) उंच असते. दोन्ही हातांच्या 7 च्या फेका एकाच उंचीवर जाईपर्यंत सहावा-सातवा चेंडू पिशवीतच राहू दे. शिवाय प्रत्येक फेरी सगळे चेंडू हातात गोळा करूनच संपव. अखेरचा चेंडू निसटू देण्याची सवय सरावात लागली, तर ती स्पर्धेतही सुटत नाही.

पुढच्या वेळी चित्रीकरण बाजूने करून पाठव. समोरून पाहताना चेंडू पुढे सरकत असल्याचे लक्षात येत नाही.

कळावे,
तुझे सर